मोकळ्या गाड्यांचे शहर

चालकविरहित गाडी मुंबईत कधी येणार, असा प्रश्न अलीकडे बऱ्याचदा कानावर येतो, आणि दर वेळी माझ्या मनात येते की मागच्या सीटवर बसणाऱ्यांसाठी ती केव्हाच आलेली आहे. ज्या घरी ड्रायव्हर ठेवलेला आहे, त्या घरातल्या माणसाला गाडी कशी चालते, तो उतरल्यावर ती कुठे जाते आणि बोलावल्यावर कुठून येते, याचा विचार करावा लागत नाही. फोन केला की गाडी दाराशी हजर होते, आणि उतरल्यावर नजरेआड होते. सॅन फ्रान्सिस्कोत जे संगणकाने साधले, ते मलबार हिल, वरळी आणि जुहू इथे मासिक पगारावर कित्येक दशके चालू आहे. त्यामुळे या गाड्यांचा शहरातल्या वाहतुकीवर काय परिणाम होईल, हे पाहण्यासाठी फार लांबच्या भविष्याकडे डोळे लावण्याची गरज नाही. शाळा सुटण्याच्या वेळी दक्षिण मुंबईतल्या एखाद्या मोठ्या शाळेच्या गल्लीत जाऊन उभे राहिले तरी पुरते.

अशी एक गल्ली माझ्या कचेरीच्या मागे आहे. दुपारी तिथे गाड्यांच्या दोन रांगा लागतात. पहिली पदपथाला लागून आणि दुसरी त्या रांगेला खेटून. एसी चालू राहावा म्हणून बहुतेकांची इंजिने चालू असतात. वाहतूक हवालदार मोटरसायकलवरून आला की दुसरी रांग हलते, चौकातून वळसा घालते आणि चार मिनिटांत पुन्हा त्याच जागी येऊन उभी राहते. मधल्या अरुंद जागेतून बेस्टची बस अंग चोरत निघते. तिच्यात पन्नास माणसे असतात आणि तिला अडवणाऱ्या गाड्यांत प्रत्येकी एक, तोही प्रवासी नव्हे. कोपऱ्यावरच्या टपरीवर चहा घेताना या ड्रायव्हर मंडळींपैकी काहींशी माझी ओळख झाली. त्यांतल्या एका साताऱ्याकडच्या गृहस्थांना सगळे मामा म्हणतात, म्हणून मीही तसेच म्हणतो. त्यांचा दिवस कसा जातो असे एकदा विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘‘सकाळी सायबांना फोर्टात सोडायचं, मोकळी गाडी वरळीला न्यायची, मग मॅडमना घेऊन बांद्रा, तिथनं मोकळी गाडी शाळेला, पोरांना घरी सोडलं की पुन्हा मोकळी बांद्र्याला. दिवसभर गाडी निम्मी मोकळीच पळती बघा.’’ मामा स्वतः दिव्याहून लोकलने येतात.

मामांच्या या एका वाक्यात वाहतूकशास्त्रातला एक मोठा प्रश्न सामावलेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांना हाच प्रश्न पडला होता, पण स्वयंचलित गाड्या लोकांच्या दारात नव्हत्या, तेव्हा वापराचा अंदाज घ्यायचा कसा? त्यांनी एक साधी युक्ती काढली. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या तेरा जणांना त्यांच्याच गाडीवर आठवड्यापुरता साठ तासांचा फुकट ड्रायव्हर दिला आणि आधीच्या व नंतरच्या आठवड्यांशी तुलना केली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार गाड्यांनी कापलेले अंतर ८३ टक्क्यांनी वाढले. लोक संध्याकाळी जास्त बाहेर पडले, लांब गेले, आणि सामान आणायला किंवा नातलगांना घ्यायला गाडी एकटीच पाठवू लागले. तेरा जणांच्या नमुन्यावरून कोणताही सिद्धान्त उभा राहत नाही हे खरे. पण अमेरिकेत ज्यासाठी प्रयोग रचावा लागला तो प्रयोग मुंबईत रोज होतो आणि त्याची नोंद कोणी ठेवत नाही, याची मला गंमत वाटली.

तंत्रज्ञानाची वाटचाल सगळ्यांना थोडीफार माहीत आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. २००४ साली अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेने मोजावेच्या वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत ठेवली आणि एकही गाडी ती पूर्ण करू शकली नाही. पुढच्याच वर्षी पाच गाड्यांनी ती पूर्ण केली. २००९ मध्ये गूगलने सुरू केलेला प्रकल्प पुढे वेमो झाला. २०२० मध्ये फीनिक्समध्ये आणि २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत सामान्य प्रवाशांना चालकाविना टॅक्सी मिळू लागली. वाटेत अपघातही झाले. २०१८ मध्ये ॲरिझोनातील टेंपी येथे उबरच्या चाचणीतल्या गाडीने सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या एका स्त्रीला उडवले आणि तिचा मृत्यू झाला. २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत क्रूझ या कंपनीच्या चालकविरहित गाडीखाली सापडलेली एक पादचारी स्त्री काही अंतर फरफटत गेली आणि कंपनीचा परवाना निलंबित झाला. तरीही थकवा, दारू, झोप आणि मोबाइल या माणसाच्या दोषांपासून यंत्र मुक्त आहे. ज्या देशात २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली, त्या देशातल्या नागरिकाने या यंत्राला हसण्यावारी नेऊ नये असे मला वाटते.

‘‘अमेरिकेत ठीक आहे, पण आपल्याकडे चालणार नाही,’’ असे म्हणण्यात एक प्रकारचा अभिमानही असतो. आपल्या गोंधळापुढे संगणक हात टेकेल, या कल्पनेने आपल्याला बरे वाटते. मला हा आक्षेप तितकासा टिकणारा वाटत नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलच्या साहाय्याने २०१८ च्या सुमारास भारतीय रस्त्यांच्या सुमारे दहा हजार छायाचित्रांचा एक संग्रह तयार केला आणि त्यातल्या प्रत्येक वस्तूला नाव दिले. रिक्षा आणि जनावर यांना त्यात स्वतंत्र वर्ग आहेतच. पण मला सर्वांत मार्मिक वाटला तो रस्त्यालगतच्या, रस्ता नसलेल्या, तरीही प्रसंगी गाडी घालता येईल अशा जमिनीचा वेगळा वर्ग. युरोपातल्या अशा संग्रहांत रस्ता आणि पदपथ यांची हद्द स्पष्ट असते. आपल्याकडे डांबर संपले म्हणजे रस्ता संपला असे होत नाही, ही गोष्ट कोणीतरी यंत्राला शिकवायला घेतली आहे, आणि जे शिकवता येते ते यंत्र कधी ना कधी शिकते.

पावसाळा मात्र अधिक कठीण. या गाड्या कॅमेरे, रडार आणि प्रकाशाच्या झोताने अंतर मोजणारे लायडार यांच्या आधाराने पाहतात. मुसळधार पावसात तो प्रकाश थेंबांवर आपटून विखुरतो, आणि साचलेल्या पाण्याखाली रस्ता आहे, खड्डा आहे की झाकण निघालेले गटार, हे कोणत्याही यंत्राला वरून कळत नाही. ते आपल्यालाही कळत नाही. पण हिंदमाताला पाणी कुठपर्यंत चढले की परत फिरायचे, अंधेरी सबवे किती वाजता बंद होईल, हे इथला टॅक्सीवाला आकाश बघून सांगतो. जुलैतले काही दिवस या गाड्यांना घरी बसावे लागेल, इतकेच. लोकलही त्या दिवशी बसतेच.

माझ्या मते खरी अडचण पावसाची नसून पायी चालणाऱ्यांची आहे. एमएमआरडीएने, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २००८ मध्ये पूर्ण केलेल्या सर्वंकष वाहतूक अभ्यासानुसार महानगर प्रदेशातल्या निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत होत्या. दादर पश्चिमेला स्टेशनमधून बाहेर पडून फूलबाजाराच्या बाजूने रस्ता ओलांडणारा माणूस सिग्नल पाहत नाही. तो येणाऱ्या गाडीच्या चालकाकडे पाहतो, हात पुढे करतो, चालकाचा वेग किंचित उतरला की पाऊल टाकतो. हा व्यवहार डोळ्यांनी होतो आणि दोघांनाही थोडी भीती असते, म्हणूनच तो जमतो. समोरची गाडी माणूस दिसला की हमखास थांबणार, हे एकदा कळले की भीती संपली. मग ती गाडी रानडे रोडवर सकाळी शिरली तर दुपारपर्यंत बाहेर पडणार नाही. पायी चालणाऱ्यांसाठी हे मोठे वरदान आहे, आणि मुले निर्धास्तपणे रस्ता ओलांडतील असे शहर मला हवेच आहे. परंतु ज्यांनी एवढी महागडी गाडी घेतली ते तिच्यात बसून हा तमाशा किती दिवस पाहतील? काही काळाने ‘‘या लोकांना रस्त्यावरून हटवा’’ अशी मागणी होईल. रेलिंग लागतील, दुभाजक उंच होतील, दंड आकारले जातील.

हे मी हवेत बोलत नाही, कारण एकदा असे करून झाले आहे. २००८ मध्ये बांद्रा पूर्व स्थानकापासून कलानगरपर्यंत शहरातला पहिला स्कायवॉक उभा राहिला आणि मागोमाग एमएमआरडीएने ठिकठिकाणी असे पूल बांधले. गाड्यांना खालचा रस्ता मोकळा मिळावा म्हणून चालणाऱ्या माणसाने जिना चढून वर जावे, हाच त्यामागचा विचार होता. बांद्र्याचा तो पहिला पूल पुढे मोडकळीला येऊन पाडावा लागला. लोक मात्र आधीपासून खालूनच चालत होते.

आता जागेचा हिशेब मांडू, कारण मुंबईत शेवटी सगळे जागेशी येऊन थांबते. रस्त्याच्या एका मार्गिकेतून, सारे सुरळीत असेल तर, तासाला सुमारे दोन हजार मोटारी जातात. स्वयंचलित गाड्या एकमेकींशी संपर्क ठेवून कमी अंतरावर धावू शकतील, म्हणून हा आकडा दुप्पट होईल असे उदारपणे मानू. चार हजार गाड्या आणि प्रत्येकीत सरासरी दीड माणूस, म्हणजे सहा हजार माणसे. पश्चिम रेल्वेच्या जलद मार्गावर दर चार मिनिटांनी बारा डब्यांची एक लोकल धरली आणि ऐन गर्दीत तिच्यात चारच हजार माणसे मोजली, तरी तासाला साठ हजार होतात. रुळांची ती जोडी एका मार्गिकेपेक्षा फारशी रुंद नाही. शिवाय गाडीतला दीड माणूस हाही आजचा आकडा आहे. माणूस चालवत असलेल्या गाडीत निदान एक जण असतोच. चालकच नसेल तर सरासरी एकाच्या खालीही जाऊ शकते, आणि वाहतुकीच्या इतिहासात हे प्रथमच घडेल की रस्ता गच्च भरलेला असेल आणि त्यावर माणसे नसतील.

कोणी म्हणेल, रस्ते वाढवू. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईत पन्नासच्या आसपास उड्डाणपूल बांधायला घेतले होते; पुढे २००९ मध्ये सागरी सेतू आला, २०१३ मध्ये पूर्व मुक्त मार्ग, आणि २०२४ मध्ये अटल सेतू व किनारी रस्ता. प्रत्येक वेळी पहिले काही महिने लोक किती मिनिटांत पोहोचलो ते कौतुकाने सांगतात. ड्यूरांटन आणि टर्नर या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकेतल्या शहरांच्या आकडेवारीवरून दाखवले की महामार्गांच्या मार्गिका जितक्या टक्क्यांनी वाढतात, जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचा प्रवासही वाढतो. आपल्याकडे या वाढीला एक नैसर्गिक लगाम आहे, तो म्हणजे वैताग. क्लच दाबून पाय दुखणे, कट मारणाऱ्या बाइकवाल्यांवर डोळा ठेवणे, पार्किंग शोधणे, या सगळ्याला कंटाळून गाडी असलेला माणूसही लोकलने किंवा मेट्रोने जातो. वैताग हा मुंबईचा अघोषित टोल आहे, आणि ड्रायव्हर ठेवण्याची ऐपत असलेले मूठभर लोक तेवढे त्यातून सुटलेले आहेत. स्वयंचलित गाडी ती सूट सर्वांना देऊ करते. गाडीत झोपता येते, मीटिंग करता येते, सिनेमा पाहता येतो म्हटल्यावर मुलुंडचा माणूस पनवेलच्या पलीकडे घर घेईल आणि दीड तासाचा प्रवास त्याला जाचणार नाही. जाचेल तो त्याच्या मागे अडकलेल्या बसमधल्या माणसाला.

पार्किंगबाबत तर याहून विचित्र गोष्ट आहे. या गाड्यांना शहरात पार्किंग लागणार नाही, वाहनतळांच्या जागी बागा होतील, असे सांगितले जाते. ॲडम मिलर्ड-बॉल या संशोधकाने २०१९ मध्ये दाखवले की मालकाला सोडल्यावर गाडीने रस्त्यावर हळूहळू चकरा मारत राहणे हे पार्किंगचे पैसे भरण्यापेक्षा स्वस्त पडते. त्याच्या हिशेबाने खर्च तासाला अर्धा डॉलर येतो. त्यातली खरी मेख अशी की गाडी जितकी हळू जाईल तितकी वीज कमी लागते, म्हणजे वाहतूक तुंबलेली असणे हेच तिच्या मालकाच्या फायद्याचे ठरते. रस्त्यावर असलेल्या प्रत्येकाला निदान लवकर पोहोचायचे असते, हे गृहीत धरून आजवरचे सारे वाहतूक नियोजन झाले. ज्याला कुठेच पोहोचायचे नाही असे वाहन त्यात कधी मोजलेच नव्हते. माझ्या कचेरीमागच्या गल्लीतली दुसरी रांग मात्र त्याचा सराव करत असते.

या चित्राची दुसरी बाजूही आहे, आणि ती मला मनापासून आवडते. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेशी संलग्न असलेल्या आंतरराष्ट्रीय वाहतूक मंचाने २०१५ मध्ये लिस्बन शहराची प्रतिकृती संगणकावर मांडून पाहिली. सगळ्या मोटारींच्या जागी अनेकांनी वाटून घेतलेल्या स्वयंचलित टॅक्सी आणल्या आणि जोडीला मेट्रो ठेवली, तर पूर्वीच्या सुमारे एक दशांश गाड्यांत शहराचे भागते, असे दिसले. वाटून न घेता प्रत्येकाने एकट्याने प्रवास केला आणि मेट्रोही नसली, तर मात्र गाड्यांनी कापायचे एकूण अंतर दुपटीच्या जवळ जाते. तंत्रज्ञान तेच, गाडीही तीच. फरक एवढाच की शेजारी अनोळखी माणूस बसलेला चालतो की नाही.

मुंबईकराला ते चालते. चर्चगेटहून नरिमन पॉइंटला जाणाऱ्या शेअर टॅक्सीत चार अनोळखी माणसे पिढ्यान्पिढ्या मांडीला मांडी लावून बसत आली आहेत, आणि उपनगरांतल्या स्थानकांबाहेर शेअर रिक्षाची रांग ही आमची रोजचीच. पण शेअर टॅक्सीत बसणारे लोक आणि उद्या स्वयंचलित गाडी विकत घेणारे लोक वेगळे आहेत. २०२५ च्या जुलैत बीकेसीत टेस्लाचे दालन उघडले, तेव्हा स्वयंचालनाच्या सोयीची किंमत सहा लाख रुपये जादा अशी छापलेली होती. सहा लाख मोजून घेतलेल्या सोयीत शेजारी कोणाला घ्यायला माणूस राजी होईल असे मला वाटत नाही. वाटून घेण्याची सवय चांगुलपणातून येत नाही, ती परवडण्या न परवडण्यातून येते.

म्हणून सगळा प्रश्न शेवटी रस्त्याच्या किमतीचा होतो. सिंगापूरने १९७५ मध्ये मध्यवर्ती भागात गाडी आणण्याचे शुल्क लावले, लंडनने २००३ मध्ये, न्यूयॉर्कने बऱ्याच कोर्टकचेऱ्यांनंतर २०२५ च्या जानेवारीत. मुंबईत नेमके उलटे घडले. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, दहिसर, मुलुंड, ऐरोली, वाशी अशा शहराच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या मोटारींचा टोल माफ झाला. पुढे काही महिन्यांतच, २०२५ च्या मे महिन्यात, बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे पाच रुपयांवरून दहा रुपये झाले. दोन्ही निर्णयांची आपापली कारणे असतील, पण ती एकाशेजारी एक ठेवली तर या शहरात रस्ता कोणाला स्वस्त आणि कोणाला महाग होतो आहे, ते वेगळे सांगावे लागत नाही.

आता मामांसारख्यांचे काय, हा प्रश्न उरतो आणि तो टाळून चालणार नाही. केंद्रीय वाहतूक मंत्री नितीन गडकरी यांनी २०१७ मध्येच सांगितले होते की चालकांचा रोजगार जाईल म्हणून भारतात चालकविरहित गाड्यांना परवानगी देणार नाही, आणि पुढेही ती भूमिका त्यांनी बोलून दाखवली आहे. भूमिकेमागची कळकळ मला मान्य आहे, पण बंदी किती काळ टिकेल याची शंका वाटते. ट्राम १९६४ मध्ये बंद झाली, व्हिक्टोरिया घोडागाड्यांना उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवले, प्रीमियर पद्मिनीची शेवटची टॅक्सी २०२३ मध्ये उतरली. प्रत्येक वेळी त्यावर पोट असलेल्या माणसांनी आपापला मार्ग स्वतःच शोधला, शहराने फक्त हळहळ व्यक्त केली. शिवाय गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईला जवळचे भाडे म्हणून दोन-तीन टॅक्सीवाले नाकारतात आणि ती उन्हात उभी राहते, तेव्हा भाडे न नाकारणाऱ्या यंत्राचा विचार माझ्याही मनात येतो. ते यंत्र तिला स्टेशनपासून घरापर्यंत आणणारी दहा-बारा आसनांची, बेस्टने चालवलेली छोटी बस असेल तर मला आनंदच आहे. दहिसरच्या मेट्रो २अ आणि ७ या मार्गांवरच्या गाड्या मुळात चालकाविना धावू शकतील अशाच बांधलेल्या आहेत, आणि त्यांच्याविषयी कोणाला काही भय वाटत नाही, कारण त्या मोकळ्या फिरत नाहीत.

स्वयंचलित गाडीची एक गोष्ट तिच्या विरोधकांनी नीट वापरायला हवी. मामांची गाडी दिवसभरात किती किलोमीटर मोकळी पळाली ते कोणालाच मोजता येत नाही, परंतु यंत्राच्या गाडीत प्रत्येक किलोमीटरची आणि आत किती जण होते याची नोंद आपोआप होते. त्यामुळे मोकळ्या धावेवर सर्वांत जास्त, एकट्याच्या प्रवासावर त्याहून कमी आणि चौघांच्या प्रवासावर नाममात्र, असे शुल्क लावायला नवा टोलनाकाही बांधावा लागणार नाही, आणि त्याच पैशातून बेस्टचा, एके काळी साडेचार हजारांच्या घरात असलेला आणि आता तीन हजारांच्या खाली घसरलेला, ताफा पुन्हा उभा करता येईल. मात्र ती अट पहिल्या गाडीच्या परवान्यावरच लिहिलेली असली पाहिजे. लाखभर मतदारांच्या दारात अशा गाड्या उभ्या राहिल्यावर ती लिहायला गेलो, तर दहिसरच्या नाक्यावर जे झाले तेच होईल, आणि या वेळी माफीची घोषणा व्हायला निवडणुकीचीही वाट पाहावी लागणार नाही.